धान चुरून झाल्यावरची तारीख

अन्याय माझ्या मोठ्या मायवर झाला. केव्हा झाला तेही सांगते, म्हणजे कुणी ‘मोघम बोलू नका’ म्हणायला नको. दोन वर्षांपूर्वी, धानाच्या रोवण्याच्या हंगामातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारची ओपीडी बंद व्हायच्या जरा आधी, एका ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात. टेबलापलीकडच्या डॉक्टरांनी मान वर न करता तिला सांगितलं, “पिशवी तर काढलेलीच आहे. आता आणखी काय काढू?”

मी तिच्या मागेच उभी होते.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तुमसरच्या पुढे, आंबागडच्या किल्ल्याकडे तोंड करून आमचं गाव आहे. लहानपणी मी आईकडे जेवायचे आणि मोठ्या मायकडे झोपायचे. त्या सोमवारी ती पन्नाशीचीही नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचं अंग बाहेर यायला लागलं होतं. आमच्याकडे असंच म्हणतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे आधार सैल होतात आणि ते योनीमार्गातून खाली, बाहेर येतं. तेव्हा एका नर्सिंग होममध्ये तिला सांगितलं गेलं की पिशवी काढली की कटकट गेली. काढली. पिशवी गेली, पण वरचा आधार सैल तो सैलच राहिला. हे तिला कुणी सांगितलं नाही. दोन पावसाळे गेले आणि जिथून पिशवी काढली होती तो मार्गाचा वरचा भागच उलटून खाली यायला लागला. म्हणजे अवयव गेला आणि आजार राहिला.

“या वयात थोडंफार चालायचंच,” डॉक्टर म्हणाले. “वजन उचलू नका.”

“मंग धान कोन रोवन?” मोठ्या मायनं अगदी साधेपणानं विचारलं.

त्यांनी बेल वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

मी तोंड उघडणार एवढ्यात तिनं माझ्या मनगटाला धरून मला बाहेर ओढलं. “उगा भांडू नको, पोरी. दवाखान्यात आपलीच गरज राह्यते.” ही गरजच तर ते ओळखून असतात, हे मला तेव्हा तिला सांगता आलं नाही.

मी एका छोट्या महिला समितीत काम करते. समितीत माझ्याकडे पत्रकं लिहायचं काम आहे. मथळा मोठा, वाक्य लहान, मागणी शेवटी: एवढंच मला शिकवलं गेलंय आणि तेवढं मला येतं. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘अंग बाहेर येते का?’ गुडघ्याएवढ्या अक्षरात छापलं आणि आठवडी बाजारात वाटायला उभी राहिले. बायका हात मागे घेऊ लागल्या. एकीनं घेतलं ते न बघता भाजीच्या पिशवीत कोंबलं. पानठेल्यावरच्या एकानं मात्र घेतलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीवरच ठेल्यावर हशा पिकला.

आमच्या मोहल्ल्यातल्या रोवणा करणाऱ्या बायकांची जी टोळी आहे, तिची म्होरकी एक विधवा बाई आहे. आवाज असा की तलावाच्या पाळीवरून हाक मारली तर पलीकडच्या बांदीतल्या बैलानंही मान वळवावी. ती माझ्याकडे आली आणि माझ्या हातातले सगळे कागद काढून घेतले.

“हे इथं वाटाची गोष्ट हाये का वं? बाजारात आमी काय म्हनू, हो बाप्पा, मलेबी येते, एक कागद दे म्हनू?”

“मग कुठं वाटू, काकू?”

“वाटूच नको. उद्या रोवाले ये.”

मी गेले. रोवणा म्हणजे काय ते ज्यांनी फक्त भात खाल्लाय त्यांच्यासाठी सांगते. चिखल केलेल्या बांदीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बायका एका ओळीत उभ्या राहतात, कमरेत वाकतात, डाव्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी, उजव्या हातानं एकेक रोप चिखलात. ओळ मागेमागे सरकते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड खाली. कुणी कुणाचं तोंड बघत नाही, बघूच शकत नाही. डोळ्यांसमोर चिखल आणि स्वतःचे हात. त्यामुळे रोवण्याच्या ओळीत बाई जे बोलते ते ती घरात, माहेरी, देवळात कुठंच बोलत नाही. सासूच्या चोऱ्या, नवऱ्याची झोप, पोटातलं पहिलं पोर, सगळं त्या चिखलात सांगून झालेलं असतं. मी याच गावची पोरगी, पण शिकायला बाहेर राहिले आणि बायकांशी बोलायचं ते बाजारात उभं राहून, समोरासमोर, कागद दाखवून, असं समजून बसले.

अर्धी बांदी झाली तेव्हा म्होरकीनं सुरू केलं.

“त्या कागदावरचं खरं हाये का वं पोरी? त्याच्यावर इलाज राह्यते?”

“राहते, काकू.”

ओळ एक पाऊल मागे सरकली. मग माझ्या डावीकडून कुणीतरी म्हणालं, “माहं तं खोकललं का येते.”

“मले हासलं का,” पलीकडून दुसरी.

“मंग तू दिवसभर फिदीफिदी कायले करत राह्यतं वं?”

यावर अख्खी ओळ हसली. हसता हसता तिसरी ओरडली, “थांबा वं बायांनो, मलेबी आलं,” आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. सगळ्या वाकलेल्या, कुणाचंही तोंड दिसत नाही, आणि निम्म्या ओळीनं कबूल केलेलं की आपलं अंग बाहेर येतं. मोठी माय धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या शेवटच्या जागेवर होती. ती नेहमीच तिथं रोवायची. मधूनच उठून झुडपाआड जायची, बाहेर आलेलं हातानं आत सारायची, कापडाची घडी घट्ट बांधायची आणि परत येऊन वाकायची. टोळीतल्या पोरी तिला कामचोर म्हणायच्या. त्या दिवशी ती तिथूनच बोलली, “मी वर्षानुवर्षं चिंधी बांधून रोवून राहिली. तुमी मले आळशी म्हनत होता.”

म्होरकीच्या सांगण्यावरून ओळीतली एक तरणी पोरगी सरकत सरकत धुऱ्याकडे गेली आणि मोठ्या मायच्या वाटणीचं रोवू लागली.

त्याच ट्रस्टच्या दवाखान्यात एक तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ होती. चिखला या गावच्या खाण कॉलनीत वाढलेली. तिचे वडील मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होते. मी तिच्याकडे भांडायलाच गेले होते. तिनं मला भांडू दिलं. मग माझीच ओढणी मागून घेतली, तिचं एक टोक गोळा केलं आणि खाली लोंबत सोडलं.

“हे खाली आलंय. ते कापून टाकलं तर बाकीची ओढणी वर राहील का? नाही. तिला वर कुठंतरी बांधायला हवं.” तिनं ओढणीचं टोक खुर्चीच्या पाठीला अडकवलं. “पोटावर तीन-चार छोटी छिद्रं. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. जाळीच्या पातळ पट्टीचं एक टोक खाली आलेल्या भागाला शिवायचं, दुसरं मणक्याच्या बुडाशी जे मजबूत हाड असतं त्याच्या समोरच्या पडद्याला. दुर्बिणीनं केलं की मोठा चिरा नाही, दोन-चार दिवसांत घरी.”

“मग करा ना.”

“मला ते येत नाही,” ती म्हणाली.

डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिला दुर्बिणीनं बाकीच्या गोष्टी येत होत्या. हे ऑपरेशन वेगळं. हाडाजवळ मोठी शीर, बाजूनं लघवीची नळी, आणि त्या अरुंद जागेत आतल्या आत टाके घालून गाठ मारायची. नागपूरला हे शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ डॉक्टर होत्या. तिच्या टेबलाखाली प्लास्टिकचा एक डबा होता, आत छोटा कॅमेरा, दोन छिद्रांतून दोन हत्यारं. ती रोज त्यात कोंबडीच्या कातडीवर टाके घालायची. मला म्हणाली, करून बघ. हत्यार डावीकडे न्यायचं तर हात उजवीकडे न्यावा लागतो. मला आतला धानाचा एक दाणासुद्धा उचलता आला नाही.

“मागच्या वर्षी त्या नागपूरच्या मॅडम इथं आल्या होत्या,” ती म्हणाली. “शिबिर ठेवलं होतं. त्यांनी करायचं, आम्ही शिकायचं. बाई एकच आली, तीही घाबरून परत गेली. व्यवस्थापनानं ठरवलं की इकडे जागृती नाही, पुन्हा शिबिर नको.”

“कधी ठेवलं होतं?”

“श्रावणाच्या सुरुवातीला.”

मी डोक्याला हात लावला. श्रावणाच्या सुरुवातीला आमच्याकडे रोवणा भरात असतो. त्या दिवसांत बाई मेली तरी तिला विचारतात, जरा दोन दिवस थांबशीन का. आणि यांनी शहरात बसून तारीख काढली, बायका आल्या नाहीत, आणि दोष बायकांच्या अकलेवर टाकला.

दवाखान्याच्या प्रशासकांकडे आम्ही गेलो तेव्हा मी, म्होरकी आणि टोळीतल्या बायका, सगळ्या चिखलाच्या पायांनी गेलो. मुद्दाम नाही, बांदीतून उठूनच आलो होतो. साहेबांनी फरशीकडे बघितलं.

“हे बघा ताई, शिबिराची तारीख तज्ज्ञांच्या सोयीनं ठरते,” ते मला म्हणाले.

“मग पेशंटही तज्ज्ञांमधूनच आणा,” मी म्हणाले.

म्होरकीनं मला कोपरानं ढोसलं आणि पुढं झाली. “साहेब, तुमच्या पोरीचं लगन तुमी मार्च महिन्यात, हिशेब चालू असताना ठेवसान का?”

“नाही.”

“मंग आमचं ऑपरेशन रोवण्यात कायले ठेवता? दिवाळीनंतर धान कापनं होते. मंग चुरनं. ते झालं का मोहफूल वेचाले निघेपर्यंत बाई मोकळी राह्यते. तेव्हा ठेवा. ओळीनं येतो.”

“खरंच याल?”

“न आलो तं याच फरशीवर आमाले पुसाले लावा.”

साहेब हसले, आणि हसलेल्या साहेबाला नाही म्हणणं जड जातं. धान चुरून झाल्यावरची, म्हणजे मळणीनंतरची, तारीख मिळाली. बायकांच्या कामाचं पंचांग बघून एखाद्या दवाखान्यानं तारीख ठरवलेली मी पहिल्यांदा पाहिली. ती आमची पहिली जीत, आणि ती मी अजूनही मोजते.

तपासणीत मोठी माय ऑपरेशनला योग्य ठरली. आणि तिनं नाही म्हटलं.

कारण ऑपरेशन नव्हतं. कारण ऑपरेशननंतरचे तीन महिने होते. पाण्याचा गुंड उचलायचा नाही, गवताचा भारा नाही, उकिरड्यावर शेणाची पाटी नाही. “तीन महिने? मी बाळंतपनात तेरा दिवस बसली नाई,” ती म्हणाली. मोठे बाबा ओसरीत खाटेवर बसून ऐकत होते. चांगला माणूस; त्यांना फक्त माहीत नव्हतं. एका छपराखाली सारा जन्म काढला आणि त्यांना तिचा त्रास आमच्याकडून कळला. “मले कोनी सांगतलंच नाई,” एवढंच ते म्हणत राहिले.

म्होरकी संध्याकाळी आली. सोबत टोळी. आमच्या टोळीत एक पद्धत आहे: आज सगळ्यांनी माझ्या बांदीत, उद्या तुझ्या. कुणी आजारी पडली, बाळंत झाली, तर तिच्या बांदीत बाकीच्या आधी उतरतात. ती बरी झाली की उतरते. कुणी मोजत बसत नाही, पण कुणी विसरतही नाही.

“माहा लेक गेला त्या वर्षी माही बांदी कोनं रोवली?” म्होरकीनं मोठ्या मायला विचारलं.

“ते काय काढून राहिली आता.”

“काढली. आता सांगतो ते आयक. शेन आमी काढू, भारा आमी आनू, पाळीपाळीनं. सैपाक तू बसून करजो. राह्यलं पानी.” ती मोठ्या बाबांकडे वळली. “पानी हे भरतीन.”

“मी?” मोठे बाबा म्हणाले.

“तुमच्या खांद्याले काय झालं गा, भाऊजी? पंचवीस वर्षं तिनं भरलं, तुमी तीन महिने भरा. फिटंफाट होत नाई, पर सुरुवात होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर आंगणातला मोठा गुंड भरलेला होता आणि ते पाठ धरून खाटेवर बसले होते. मोठ्या मायनं त्या दिवशी हो म्हटलं.

नागपूरच्या मॅडम आल्या. बुटक्या, केस अर्धे पांढरे, पायात पळायचे बूट. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या आणि आमची डॉक्टर, दोघी मोठ्या मायच्या खाटेपाशी येऊन बसल्या. मोठ्या मायनं आमच्या डॉक्टरला सरळ विचारलं, “बाई, तुमी हे पयले केलं हाये का?”

“पूर्ण, माझ्या हातानं, नाही,” डॉक्टर म्हणाली. “नागपूरला मॅडमच्या हाताखाली थोडं थोडं केलंय. डब्यावर रोज सराव करते. उद्या हात माझे असतील. मॅडम शेजारी असतील. गरज पडली तर त्या हातात घेतील.”

“काय काय बिघडू शकते?”

मॅडमनी सांगितलं. रक्त जाऊ शकतं. लघवीच्या नळीला इजा होऊ शकते. पोट उघडायची वेळ येऊ शकते. जाळी पुढं कधी टोचू शकते. क्वचित अंग पुन्हा येऊ शकतं. गोड करून सांगितलं नाही, घाबरवूनही सांगितलं नाही.

“आन् तुमीच केलं तं?”

“माझा हात जास्त सरावलेला आहे. तुम्ही म्हणाल तर मीच करेन. त्यात हिला वाईट वाटणार नाही, आणि वाटलं तरी तुम्ही त्याची काळजी करायची नाही.”

“मॅडमच करतील,” मी म्हणाले. माझ्या पत्रकांमध्ये एक वाक्य हमखास असायचं: गरिबाच्या अंगावर शिकू नका. मी ते मनापासून लिहीत आले होते.

“तुले विचारलं का वं?” मोठी माय मला म्हणाली. मग मॅडमकडे वळली. “तुमी परवा नागपूरले चालल्या जान. मंग आमच्या ओळीतल्या बाकीच्या बाया कोनाकडे जातीन?”

“म्हणूनच तर मी शिकवायला येते,” मॅडम म्हणाल्या.

“मंग हिलेच करू द्या. पर आयका. नवी पोरगी रोवाले उतरली का आमी तिले दोघीच्या मधात ठेवतो. वाकडी गेली का तिथंच टोकतो, पुरी बांदी झाल्यावर नाई. तुमीबी तिथंच टोका. मले वाईट वाटन म्हनून चुप राहू नका. मी तं झोपून राहीन.”

आमची डॉक्टर हसली आणि तिचे डोळे भरले, दोन्ही एकदमच. माझं वाक्य त्या दिवसानंतर मी बदललं. आता मी लिहिते: गरिबाला न विचारता, गुरू शेजारी नसताना, शिकू नका. लांब झालं, मथळ्यात बसत नाही. पण खरं आहे.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या एका खोलीत मोठा पडदा लावला होता. इतर तालुक्यांतले काही डॉक्टर शिकायला बसले होते. मोठ्या मायनं परवानगी दिली होती म्हणून मलाही बसू दिलं. मला वाटलं होतं रक्तच रक्त दिसेल. दिसलं ते ओलं, गुलाबी, चकाकतं. मग हाडासमोरचा पांढरा पडदा दिसला आणि त्याच्या बाजूला निळसर, जाड शीर. खोलीतले सगळे पुढं वाकले. मला काही कळत नव्हतं, पण पुढं कशाला वाकले ते कळलं.

स्पीकरवर मॅडमचा आवाज आला. “थांब. काय दिसतंय?”

“डावीकडे शीर.”

“मग सुई कुठं?”

“उजवीकडे, अजून थोडी खाली.”

“घे.”

सुई हाडासमोरच्या पडद्यात शिरली, वळली आणि चुकीच्या जागी बाहेर आली. थोडं रक्त साचलं. माझ्या शेजारचा डॉक्टर पुटपुटला, “मॅडम हातात का घेत नाहीत?”

“वाकडी गेली,” मॅडम म्हणाल्या. “बाहेर काढ. दाब. दाबून धर. घाई आहे का कुठली?”

“नाही.”

“मग श्वास घे. मी इथंच आहे.”

रक्त थांबेपर्यंत ती दाबून राहिली. तो वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. मग सुई पुन्हा आत गेली, या खेपेला जिथं जायला हवी होती तिथूनच, आणि बाहेर आली. गाठ बसली. दुसरी बसली. डॉक्टरनं जाळीची पट्टी हळू ताणली आणि जे इतकी वर्षं चिंधीनं बांधून ठेवावं लागत होतं, ते वर जाऊन आपल्या जागेवर बसलं. खोलीत टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारच्यानं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

शुद्धीवर आल्यावर मोठ्या मायनं जड जिभेनं विचारलं, “कोनं केलं?”

“डॉक्टरबाईनं. पूर्ण. मॅडमनी हात लावला नाही.”

“वाकडी गेली होती का?”

“एकदा.”

“टोकलं का?”

“तिथंच.”

“बरं,” म्हणाली आणि झोपली.

तीन महिने टोळीनं शब्द पाळला. मोठे बाबा विहिरीवर जायचे तेव्हा बायका ओळीनं उभ्या राहून बघायच्या. “काय गा, बायको झाला का?” एकीनं टोमणा मारला. “नाई वं,” ते गुंड खांद्यावर घेत म्हणाले, “नवरा झालो. जरा उशीरच झाला.” तो टोमणा मग कुणी पुन्हा मारला नाही. तीन महिने संपले तरी त्यांनी पाणी भरणं सोडलं नाही. मोठी माय म्हणते की आता त्यांना विहिरीवर गप्पा मारायची चटक लागली आहे.

त्याच थंडीत टोळीतल्या आणखी बायकांची ऑपरेशनं झाली. सगळ्यांना दुर्बिणीचं लागलं नाही. काहींना व्यायाम आणि आत बसवायची रिंग पुरली. तेही आमच्या डॉक्टरनंच नीट समजावलं. एकीला लघवीचा त्रास बरेच दिवस राहिला, तिला दोनदा नागपूरला न्यावं लागलं. तीही आता बरी आहे. मी हे लपवत नाही, कारण लपवलं की पुढची बाई विश्वास ठेवत नाही.

पुढच्या थंडीत शिबिर पुन्हा भरलं, त्याच हंगामात, न भांडता. नागपूरच्या मॅडम आल्या, थिएटरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसल्या आणि हाताची घडी घालून बसूनच राहिल्या. आमची डॉक्टर करत होती, आणि तिच्या हाताखाली शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या दोघी जणी शिकत होत्या. “वाकडी गेली, बाहेर काढ,” हे आता ती म्हणत होती. पडद्याच्या खोलीत पहिल्या रांगेत एक ओळखीचे डॉक्टर बसले होते: ‘आणखी काय काढू’ विचारणारे. पडदा उंचावर लावलेला असल्यामुळे त्यांना मान वर करावी लागत होती. मधल्या सुट्टीत ते मोठ्या मायपाशी आले. तिला आम्ही नव्या बायकांना धीर द्यायला नेलं होतं. “बरं आहे ना आता?” त्यांनी विचारलं.

“बरं हाये,” ती म्हणाली. “तुमी शिकून राहिले का?”

“शिकतोय.”

“शिका,” ती म्हणाली. “बाया लय हायेत.”

त्या दिवशी चहा पिताना मॅडम मला म्हणाल्या की पुढच्या वर्षी त्यांची गरज नाही. हे त्या इतक्या आनंदानं म्हणाल्या की मला आधी कळलंच नाही, ही निरोपाची गोष्ट आहे की विजयाची. विजयाचीच होती. जे येत नाही असं एका डॉक्टरनं माझ्यासमोर कबूल केलं होतं, ते आता आमच्या भागात येतं, राहतं, आणि दुसऱ्यांना शिकवलं जातं. ते कुणाच्या गाडीत बसून परत जाणार नाही.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या जवळच्या मोठ्या दवाखान्यात या आठवड्यात जा आणि विचारा: अंग बाहेर येण्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन इथं कोणाला येतं? येत नसेल तर शिकायला कोणाला पाठवताय, आणि शिबिराची तारीख तुमच्या भागातल्या बायकांच्या कोणत्या मोकळ्या दिवसांत आहे? ‘जागृती नाही’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका. तारीख घेऊन या. आणि ती तारीख येईल तेव्हा तुमच्या घरातली बाई तीन महिने पाणी भरणार नाही. ते कोण भरणार, हे तिनं विचारायच्या आधी तुम्ही तिला सांगा.